आत्यांच्या डावीकडून माझ्या उजवीकडे

लग्न होऊन मी कसबा पेठेतून मांजरीला जायला निघाले, तेव्हा माझ्या आईने एकच प्रश्न विचारला होता. "तिथे रिक्षा जाते का?" रिक्षा जात नव्हती. मांजरी तेव्हा पुण्यात नव्हतीच. पुण्याने तिच्याकडे बघायला नुकती सुरुवात केली होती. शेतांत बिल्डरांच्या पाट्या उभ्या राहिल्या होत्या आणि हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उठल्या होत्या. त्यातल्याच एका इमारतीत माझी नोकरी होती, शेजारच्या इमारतीत नवऱ्याची. तो प्रोग्रॅम लिहायचा, मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे करायचो. घरात सासूबाईंसमोर मात्र मी त्याला अहो म्हणायचे आणि तो मान खाली घालून हसू दाबायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. नवरा शाळेत असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून त्यांनी एकटीने शेती केली होती. अर्धी जमीन विकून नवं घर बांधलं होतं, उरलेल्या जमिनीत ऊस होता. आमच्या लग्नाला त्यांनी होकार दिला, म्हणजे नकार दिला नाही. आमच्या पेठेत माणसं एक वाक्य बोलतात आणि ते समोरच्याला दिवसभर पुरतं. आत्या तेवढंही बोलायच्या नाहीत. माझं बोलणं त्यांना पुस्तकातलं वाटायचं, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं.

हडपसरला आम्ही दोघांनी एक फ्लॅट बुक केला होता. ताबा मिळाला की तिकडे राहायला जायचं आणि शनिवार-रविवार मांजरीला यायचं, असा बेत होता. आत्यांना हे नवऱ्याने सांगायचं होतं आणि तो योग्य वेळेची वाट बघत होता.

ती वेळ आलीच नाही. आधी माझ्या चपला मला घट्ट व्हायला लागल्या. मग सकाळी डोळे सुजायला लागले. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, जिना चढताना दम लागायचा. आमच्या कामात रिलीज, म्हणजे प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा दिवस, जवळ आला की सगळ्यांचेच चेहरे सुजलेले असत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. आत्यांना वेगळाच संशय आला होता. त्या मला न विचारता ताटात लिंबाची फोड जास्त ठेवायला लागल्या होत्या.

ऑफिसात आरोग्य तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी ब्लड प्रेशर परत परत मोजलं आणि मला घरी जाऊ दिलं नाही. हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या आक्रसून लहान झाल्या होत्या.

"हे आत्ताचं नाही," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून चालू असणार. तुम्हाला कळलं आत्ता."

"कशामुळे?"

"कधी कधी कारण सापडत नाही."

चुका शोधण्याचाच माझा धंदा होता. कारण सापडत नाही हे उत्तर मी कुणाकडूनही ऐकून घेतलं नसतं. पण तिथे दुसरं उत्तर नव्हतं.

डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातावर छोटं ऑपरेशन करून एक शीर धमनीला जोडली. त्या जागी बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटायचं. त्या हाताने काही उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, त्या हातात बांगडीसुद्धा घालायची नाही. एक दिवसाआड कॅम्पातल्या हॉस्पिटलात जायचं, खुर्चीत रेलायचं, दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना आणि आत येताना बघत चार तास बसायचं. शेजारच्या खुर्च्यांवर तीच माणसं असायची. एखादी खुर्ची रिकामी दिसली की कुणी काही विचारायचं नाही.

जाता-येता मांजरीचं रेल्वे फाटक लागायचं. ते पडलं की पडलं. एक गाडी गेली तरी उघडायचं नाही, कारण उलट बाजूने दुसरी येत असायची. पुढे ट्रॅक्टर, मागे कंपन्यांच्या बस, बाजूला वळायला जागा नाही. मी मागच्या सीटवर आडवी पडून गाडीच्या छताकडे बघत राहायचे.

पण सगळ्यात वाईट होती तहान. लघवी जवळजवळ होतच नव्हती, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं धरून दिवसाला एका लहान तांब्याएवढं. माझ्या खोलीच्या खिडकीतून विहिरीवरची मोटार दिसायची. वीज आली की पाइपातून पाणी धो धो हौदात पडायचं आणि हौदातून पाटाने उसात जायचं. उसाला लागेल तेवढं पाणी मिळत होतं. मी खिडकी लावून घ्यायचे, पण आवाज यायचाच. एकदा चूळ भरण्याच्या निमित्ताने मी पाणी गिळलं, ते आत्यांनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी मोरीत गेले की त्या दाराशी येऊन उभ्या राहायला लागल्या.

नोकरी चालूच होती. ती सोडली असती तर कंपनीचा विमाही गेला असता. ज्या टीमबरोबर मी दोन महिन्यांसाठी शिकागोला जाणार होते, ती टीम माझ्याऐवजी दुसऱ्या मुलीला घेऊन गेली. तिने तिथून मला तळ्याचे फोटो पाठवले. मी तिला छान आहेत असं कळवलं.

"असं किती दिवस चालतं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वर्षानुवर्षं काढतात लोक. पण तुमचं वय बघता ट्रान्सप्लांट झालेलं चांगलं. घरात कोण कोण आहे?"

मेंदूमृत माणसाच्या किडनीसाठी प्रतीक्षायादी होती. तिथे मी नाव घातलं. पण तेव्हा पुण्यात असं दान क्वचितच होत असे, त्यामुळे डॉक्टरांचा रोख घरातल्या माणसांवरच होता. मग घरातल्या माणसांची रक्तं तपासायला सुरुवात झाली. आईचा रक्तगट माझाच होता, पण तिला मधुमेह. ती तपासणीच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आयुष्यभर साखर कमी खा म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि आज सांगतायत." मग बाकावर बसून रडली. वडिलांचा गट जुळत नव्हता. नवऱ्याचा चालण्यासारखा होता. आणि माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, तर सगळ्यात चांगला जुळत होता. पेशींची तपासणीही उत्तम आली.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तोही आयटीतच, बायकोबरोबर औंधला राहायचा. फोनवर त्याने क्षणभरही विचार केला नाही. "घे की. दोन आहेत मला." एकामागून एक त्याच्या तपासण्या झाल्या. आई कसब्याच्या गणपतीला जाऊन आली. मी पहिल्यांदा पुढच्या उन्हाळ्याचा विचार केला.

एके दिवशी डायलिसिस चालू असताना दादा आला. एरवी तो यायचा नाही; त्याला नळ्या बघवत नसत. स्टूल ओढून बसला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "माझं जमणार नाही."

मी उजव्या हाताने पांघरूण वर ओढलं.

"हिला दिवस गेलेत. आणि कॅनडाला जायचं आमचं पक्कं झालंय. आत्ता नाही गेलो तर परत होणार नाही. तिच्या घरचे म्हणतात, नवीन देशात, लहान मूल, आणि त्याची एकच किडनी. मी खूप विचार केला."

यंत्राचा पंप फिरत होता. मला उठून निघून जायचं होतं, किमान तोंड फिरवायचं होतं. पण सुया डाव्या हातात होत्या आणि दादा उजवीकडे बसला होता.

"काहीतरी बोल ना," तो म्हणाला.

"सिस्टरने हलू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणाले.

तो गेला नाही, हेही सांगायला हवं. डायलिसिस संपेपर्यंत बसून राहिला. सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, तोवर त्याने माझ्या हातावर कापूस दाबून धरला. मग त्यानेच मला गाडीतून मांजरीला सोडलं. फाटक पडलेलं होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं समोरच्या ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर रंगवलेल्या कमळाकडे बघत बसलो. लहानपणी आमच्या दोन खोल्यांत भांडण झालं की एकमेकांपासून लांब जायला जागा नसायची. तसंच झालं. फाटक उघडल्यावर तो म्हणाला, "मला माफ करू नकोस, चालेल." मी म्हणाले, "गाडी काढ, मागचे हॉर्न देतायत."

नवऱ्याला कळलं तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. "मग मी देतो," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने, की जणू दूध आणायला कोण जाणार एवढाच प्रश्न होता. आत्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. परातीतला गोळा तसाच ठेवून त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि अंधार पडेपर्यंत शेतातच राहिल्या.

दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. घरात नात्यातली माणसं येऊन जायला लागली. एका चुलत दिराने मी ऐकावं अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं, "एकुलता एक हाईस. तुला काय झालं तर ह्या म्हातारीनं कुनाकडं बघायचं?" नवरा म्हणाला, "मला काही होणार नाही." मी आतल्या खोलीत होते. त्या माणसाचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. तो बोलला ते मी स्वतःलाही विचारलं होतं. मला नवऱ्याची किडनी नको होती, आणि मला जगायचं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी आत्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच थांबल्या. नवरा माझ्याजवळ बसला होता. आत्या त्याच्याशी बोलल्या.

"तुझी नगं. माझी बघा चालती का."

"आई, तुझं वय..."

"वयाला काय झालं? ऊस अजून मीच लावून घेते."

"पण तू कशाला?"

"तू देऊ नये म्हनून." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उगं गोड कशाला बोलायचं. तुला वाचवायला सोन्यासारखा ल्योक कापायला देनार न्हाई मी. माझं आता काय र्‍हायलंय."

नको म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नको म्हणायला हातात दुसरं काहीतरी असावं लागतं. मी म्हणाले, "आत्या, विचार करा." त्या म्हणाल्या, "दोन दिस तेच केलं."

त्यांचा गट जुळला. प्रेशर नाही, साखर नाही, दोन्ही किडन्या ठणठणीत. डॉक्टर चकित झाले. पण कायद्याच्या नजरेत सासू ही जवळची नातेवाईक नाही. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलं यांच्यापलीकडे कुणी किडनी देत असेल तर एक समिती असते. पैशासाठी किंवा धाकाने कुणी देत नाही ना, हे ती बघते. आम्हाला एकेकटं आत बोलावलं. समोर कॅमेरा लावलेला होता.

मला विचारलं, "सासूबाई तुम्हाला किडनी का देतायत?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी मागितली नव्हती."

आत्यांना काय विचारलं ते त्यांनीच नंतर बाहेर व्हरांड्यात सांगितलं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, असा प्रश्न होता. आत्या म्हणाल्या, "हाय की." लिहिणाऱ्या बाईंनी पेन थांबवलं. कुणाचा, म्हणून विचारलं. "माझ्या लेकाचा. त्यो देतो म्हनतोय. म्हनून मी देतेय."

त्यांनी आमचा अर्ज बाजूला ठेवला आणि पुन्हा बोलावू म्हणून सांगितलं. नवरा डोकं धरून बसला. "आई, तिथे असं बोलतात का?" आत्यांना कळेना. "खरं इचारलं, खरं सांगितलं. खोटं सांगायचं हुतं तर आधी शिकवायचं." मला त्या अवस्थेतही हसू आलं, आणि हसताना दम लागला.

दुसऱ्या बोलावण्यापर्यंत सहा आठवडे गेले. त्यात मला एकदा फुफ्फुसात पाणी होऊन अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तेव्हा आत्या काचेबाहेर उभ्या होत्या असं मला अंधुक आठवतं. समितीपुढे त्या दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. तिथल्या समाजसेविका बाईंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. दबावाचा प्रश्न परत आला, तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "घरातलं मानूस हाय ते. पान्यासाठी भिताडं चाटायची बाकी राहिलीय. रोज बघायला लागतंय मला. आनखी काय कारन लागतं?" परवानगी मिळाली.

ऑपरेशन एकाच सकाळी झालं. त्यांची डावी किडनी काढली आणि माझ्या पोटात उजवीकडे, खाली, कमरेच्या हाडाच्या आत बसवली. माझ्या जुन्या दोन्ही तशाच मागे राहिल्या. मी शुद्धीवर आले तेव्हा सिस्टर पलंगाखाली टांगलेल्या पिशवीकडे बघून हसत होती. पिशवी लघवीने भरत होती. आत्यांना बसवत नव्हतं अजून, पण त्यांनी वॉर्डातून नवऱ्याला निरोप घेऊन पाठवलं होतं. तो काचेपलीकडून मला ओरडून सांगत होता, "आई विचारतेय, पाणी लागलं का?" विहिरीचं काम चालू असताना विचारतात तसं. मी हात वर केला. त्या दिवशी सिस्टरने मला पेलाभर पाणी दिलं, मग आणखी पेलाभर, आणि म्हणाली, "प्या, आता प्यायलंच पाहिजे."

त्या पाण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

मला वाटलं होतं की आता सुटले. घरी आल्यावर कळलं की सुटका वगैरे काही नसते. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, आयुष्यभर. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून शरीराची लढण्याची ताकदच या गोळ्या कमी करतात. म्हणून कच्चं खायचं नाही, गर्दीत जायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. कसब्याची मुलगी असून गणपतीच्या दहा दिवसांत मला माहेरी पाऊल टाकायला बंदी. तोंडाला फडकं. चेहरा गोल झाला, गालांवर लव आली. आई मला बघायला आली आणि म्हणाली, "आता तू तुझ्या आजोबांसारखी दिसतेस." ती हसवायलाच म्हणाली होती.

आत्यांनी दावणीची गाय विकली, कारण डॉक्टरांनी शेणामातीपासून जपा म्हणून सांगितलं होतं. मला विचारलं नाही. त्या गाईला त्या रोज चारा घालताना तिच्याशी बोलायच्या, माझ्याशी बोलायच्या त्याहून जास्त. दावण रिकामी झाल्यावर त्यांचं सगळं लक्ष माझ्याकडे लागलं. मी गोळी घेताना त्या समोर बसायच्या. घोट घशाखाली गेला की उठायच्या. ऑफिसातून निघायला उशीर झाला की फोन. शिंक आली की फोन. एकदा मैत्रिणींबरोबर मी पाणीपुरीच्या गाडीवर उभी राहिले, खाल्ली नाही, नुसती उभी राहिले, आणि घरी आल्यावर ते बोलून गेले. आत्या म्हणाल्या, "माझी किडनी घेऊन कुटंबी उभी राहू नको."

माझी किडनी. त्या नेहमी तसंच म्हणायच्या. त्यात चूक काय होतं?

एकदा दुपारी माझ्या जखमेचे टाके दिसतात का म्हणून त्यांनी विचारलं. मी पदर बाजूला केला. "कुटं हाय नक्की?" मी त्यांचा हात धरून तिथे ठेवला. हाडाच्या आत, कातडीच्या लगेच खाली, मुठीएवढा उंचवटा लागतो. त्यांनी हात तसाच ठेवला. त्यांच्या बोटांना खुरप्याचे घट्टे होते. "गरम लागतंय," त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

फ्लॅटचा ताबा मिळाला. आम्ही तो भाड्याने दिला. नवरा आणि मी त्यावर एकदाही बोललो नाही. जिची किडनी पोटात घेऊन बसलोय, तिला सोडून वेगळं राहायला जायचं, हे वाक्य कुणी कसं उच्चारायचं? घरात भांडण्याची सोयच राहिली नाही. पूर्वी मी निदान मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. आता तिथेही त्या जिंकायच्या.

दोन-अडीच वर्षं किडनी उत्तम चालली. मग मला मूल हवंसं वाटायला लागलं. आजारपणाआधी आत्या ज्यासाठी ताटात लिंबू वाढत होत्या, तेच. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होऊ शकतं. गोळ्या बदलाव्या लागतील, सतत देखरेख ठेवावी लागेल. किडनीवर ताण येईल. बहुतेक जणींचं निभावतं. काहींची किडनी नंतर पहिल्यासारखी राहत नाही. ठरवायचं तुम्ही."

तुम्ही म्हणजे कोण, हाच प्रश्न होता. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईला विचारू."

"आईला का?"

तो म्हणाला, "तूच सांग, का नाही?"

आत्या मेथी निवडत होत्या. मी सगळं नीट सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. त्यांनी देठ मोडायचं थांबवलं नाही.

"नगं," त्या म्हणाल्या.

"आत्या, शक्यता चांगली आहे."

"आनी गेली म्हंजे? पुन्हा कुनाची? त्याची?" त्यांनी मान वर केली. "मला काय नातवंड नगंय व्हय? पन तू त्या खुर्चीत परत बसायची, आन् त्यो परत देतो म्हननार. ते मला बघायचं न्हाई. मी दिली ती त्यासाठी न्हाई दिली."

"पोट माझं आहे, आत्या."

"हाय की. पोट तुझंच हाय."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मी कित्येक महिने तो विचार करत राहिले. जाता-येता, मीटिंगमध्ये, गोळ्या घेताना. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. शेवटी मी डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं. तो निर्णय माझा होता की मी आत्यांची आज्ञा पाळली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. एखादी गोष्ट स्वतःहून सोडणं आणि ती काढून घेतली जाणं यात फरक असतो. पण माझ्यापुरता तो फरक कुणीतरी पुसून टाकला होता. कुणाचा राग करायचा तेही ठरवता येत नव्हतं.

दादाला कॅनडात दुसरी मुलगी झाली, तेव्हा त्याने फोन केला. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नंतर बरीच वर्षं गेली. उसाची उरलेली जमीनही गेली. तिथे आता बारा मजली इमारती आहेत आणि त्यांत नागपूर-अमरावतीकडून आलेली, आमच्यासारखीच आयटीतली मुलं राहतात. आम्ही मात्र तिथेच, त्याच घरात राहिलो. मी आता टेस्टिंगची टीम सांभाळते आणि पुष्कळसं काम घरून करते. आत्यांचे गुडघे गेले. किडनी चालू आहे. मधे एकदा झटका आल्यासारखी बिघडली होती, पण सावरली.

मागच्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. मी गर्दीत बसत नाही, म्हणून स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत होते. बाहेर आत्यांची एक लांबची जाऊ म्हणाली, "एवढं मोठं घर, पन लेकराचा आवाज न्हाई. तिच्या दुखण्यापायी तुमचा वंश थांबला बघा."

हे मी पुष्कळदा ऐकलं होतं. हातातलं काम थांबवण्याइतकं त्यात नवीन काही नव्हतं.

"तिच्या दुखण्यापायी न्हाई," आत्या म्हणाल्या. "तिला पाहिजे हुतं. डाक्टर हो म्हनले हुते. मीच नगं म्हनले."

जावेनेच विचारलं,

"का ओ?"

"भ्याले मी. माझ्या लेकासाठी भ्याले. तिच्याकडं बोट करू नगा. आन् हळद लावून घ्या, वाळती ती."

बायका गेल्यावर मी रिकाम्या वाट्या गोळा करायला बाहेर आले. आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, गुडघ्यांना चोळत. इतक्या वर्षांत त्यांनी आपण भ्यालो असं कधी म्हटलं नव्हतं. मला कळेना कुठे बघावं.

"त्यांना कशाला सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं हुतं ते."

मी वाट्या एकात एक घातल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"माझा राग हाय का तुला?"

आमच्या पेठेत अशा प्रश्नाला टोमणा मारून वेळ मारून नेतात. मला टोमणा सुचला नाही.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, काहीतरी जुनं पटल्यासारखी. "असू दे. मलाबी तुझा हाय. गाय विकायला लागली." मग पाय खाली सोडले आणि उठण्यासाठी हात पुढे केला. मी उजव्या हाताने त्यांना उठवलं. त्या जड झाल्या आहेत आता, मला डावा हातही लावावा लागला.